केलेलं काही उरतच नाही, मग करायचं कशाला?

वाचकाचं पत्र

नमस्कार,

मी दहा-बारा वर्षं वेब डिझायनर म्हणून काम करतोय. सुरुवातीला एजन्सीत होतो, आता स्वतंत्रपणे कामं घेतो. परवा एका नव्या क्लायंटला दाखवायला पोर्टफोलिओ नीट लावायला बसलो आणि धक्काच बसला. मी केलेल्या बहुतेक साइट्स आज अस्तित्वातच नाहीत. काही कंपन्या बंद पडल्या, काहींनी दुसऱ्याकडून नवं डिझाइन करून घेतलं. एका डोमेनवर तर भलत्याच कुणाची जाहिरात दिसते. रात्र-रात्र जागून केलेल्या कामाचे माझ्याकडे फक्त स्क्रीनशॉट उरलेत.

जे शिकलो तेही असंच गेलं. फोटोशॉपवर हात बसला तोवर सगळे स्केच या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर गेले, स्केच जमलं तोवर फिग्मा आलं. क्लायंटची भाषा मात्र तीच. 'लोगो जरा मोठा करा', 'थोडं पॉप होऊ दे', 'अमक्या कंपनीसारखं, पण वेगळं'. फाइलींची नावं 'फायनल', 'फायनल नवी', 'फायनल शेवटची' अशी वाढत जातात आणि शेवटी पहिलीच पसंत पडते. त्यात मागच्या आठवड्यात एकानं एआयकडून करून घेतलेलं होमपेज पाठवलं. म्हणाला, 'नव्वद टक्के झालंय, उरलेलं तेवढं करून द्या, अर्ध्या पैशात.' मला राग यायला हवा होता. पण खरं सांगू का, ते पान वाईट नव्हतं.

हे काम सोडावं का? सोडून काय करावं हेही कळत नाही. घरचे विचारतात, तू नेमकं करतोस काय? आता मलाही तोच प्रश्न पडायला लागलाय.

– एक डिझायनर

उत्तर

नमस्कार,

तुमच्या पत्रात क्लायंट आहे, एजन्सी आहे, फोटोशॉप-स्केच-फिग्मा आहे, एआय आहे. तुमचे स्क्रीनशॉट आहेत, फाइलींची नावंसुद्धा आहेत. पण त्या साइट्स ज्यांनी वापरल्या ती माणसं अख्ख्या पत्रात कुठेच नाहीत. एकाचाही उल्लेख नाही. तक्रारी तुम्ही चार-पाच मांडल्यात, पण मला त्या सगळ्यांचं मूळ इथेच दिसतं.

हा तुमचा दोष आहे असं मी म्हणत नाही. आपल्या धंद्याची रचनाच तशी झाली आहे. क्लायंट एजन्सीच्या माणसाला सांगणार, तो प्रोजेक्ट मॅनेजरला, तो तुम्हाला. मजकूर 'नंतर येईल', म्हणून तुम्ही लोरेम इप्सम, म्हणजे जागा भरायचा निरर्थक मजकूर, भरून चौकटी रचणार. मंजुरी देणार ते लोक, ज्यांना ती साइट स्वतः कधी वापरायची नसते. साइट चालू झाली की बिल निघतं आणि तुम्ही पुढच्या कामाला लागता. तिथे रोज कोण येतं, कुठे अडतं, कुठून वैतागून परत जातं, हे तुमच्यापर्यंत पोहोचतच नाही. वर्षानुवर्षं असं उंटावरून शेळ्या हाकत राहिलं की कधीतरी प्रश्न पडणारच, की खाली शेळ्या आहेत तरी का.

आधी ते न उरण्याचं बघू, कारण तुम्हाला सगळ्यात जास्त तेच लागलंय.

१९९१ मध्ये सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी जगातलं पहिलं संकेतस्थळ उभं केलं. २०१३ मध्ये सर्ननं त्याची जुनी प्रत पुन्हा मूळ पत्त्यावर ठेवली. आजच्या फोनवर ते उघडून बघा. अक्षरं बारीक दिसतील, पण मजकूर वाचता येतो आणि दुवे चालतात. तेव्हा असला फोन कुणाच्या स्वप्नातही नव्हता. आता दुसरं टोक घ्या. दोन हजार सालाच्या आगेमागे फ्लॅश या हलत्या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या साइट्स म्हणजे आपल्या धंद्याची शान होती. आवाज, हालचाल, अर्धा मिनिट चालणारी प्रस्तावना, सगळं होतं. ३१ डिसेंबर २०२० ला अडोबीनं फ्लॅशचा पाठिंबा थांबवला आणि ते सगळं एकदम काळोखात गेलं. पण त्या प्रस्तावनांवर लोकांनी सगळ्यात जास्त दाबलेलं बटण कोणतं होतं? 'स्किप'. इतकी वर्षं ते बटण दाबणाऱ्यांनी आपल्याला स्वच्छ शब्दांत निरोप दिला होता, आपण मात्र ते बटण कोणत्या कोपऱ्यात शोभेल यावर चर्चा करत बसलो.

टेबलांत पानं कापून, मधे एका पिक्सेलची पारदर्शक चित्रं घुसवून लेआउट बसवायचा काळ तुम्ही कदाचित फक्त ऐकला असेल. तेही गेलं. पानाची रुंदी कायमची ठरवून टाकायचा हट्ट २००७ च्या आयफोननंतर ढिला पडायला लागला आणि २०१० मध्ये डिझायनर ईथन मार्कोट यांनी पडद्याच्या रुंदीप्रमाणे बदलणाऱ्या पानांना 'रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन' हे नाव दिल्यावर तो उघडपणे सोडता आला. पडद्यावरचा एकेक पिक्सेल मुठीत ठेवायची धडपड जिथे जिथे झाली, तिथलं काम लवकर मोडलं. मथळा, परिच्छेद, दुवा, फॉर्म या साध्या गोष्टी मात्र तीस वर्षं झाली तरी तशाच चालतात.

तरीही 'साधं करा, म्हणजे तुमचं काम टिकेल' असं खोटं आश्वासन मी देणार नाही. नाही टिकणार. दुकान बंद होतं, कंपनी विकली जाते, नवा मालक आला की त्याला नवी साइट हवी असते. साइट ही बदलण्यासाठीच असते, आणि ज्यांना हे सोसत नाही त्यांनी खरंच दुसरा धंदा बघावा. पण तुमच्या कामाची जी खरी कमाई, ती स्क्रीनशॉटमध्ये कधी मावणारच नव्हती. कुणीतरी रात्री अकराला तुमच्या फॉर्मवरून डॉक्टरची वेळ घेतली आणि निवांत झोपायला गेलं, याचा फोटो कोण काढणार? ते घडलं की नाही एवढंच कळू शकतं. आणि ते तुम्हाला कुणी कळूच दिलं नाही.

माझ्या पाहण्यातलं एक सांगते. एका रुग्णालयाच्या नोंदणीच्या पानाची चाचणी चालली होती. पान माझं नव्हतं, मी बघायला बसले होते. दिसायला देखणं. मऊ निळा रंग, भरपूर मोकळी जागा, गोलसर कोपऱ्यांची बटणं. समोर सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ, हातात स्वतःचाच फोन. नाव टाकलं, पुढे जन्मतारीख. त्या चौकटीला हात लावताच कॅलेंडर उघडलं, चालू महिन्याचं. त्यांनी डावीकडचा बाण दाबला, मागचा महिना आला. पुन्हा दाबला, त्याच्या मागचा आला. जन्माच्या वर्षापर्यंत पोहोचायला तो बाण आठशेहून जास्त वेळा दाबावा लागणार होता. वरच्या सालावर टिचकी मारली की सालांची यादी उघडत होती, पण तिथे टिचकी मारायची असते हे सांगणारी एकही खूण नव्हती. ते गृहस्थ शांतपणे दाबत राहिले. बऱ्याच वेळानं त्यांनी फोन खाली ठेवला आणि आमच्याकडे बघून ओशाळून म्हणाले, 'माझंच काहीतरी चुकतंय.'

खोलीत डिझायनर होता, डेव्हलपर होता, रुग्णालयाच्या मार्केटिंगच्या बाई होत्या. त्याआधी महिनाभर या मंडळींत निळ्याची छटा कोणती असावी यावर वाद चालला होता म्हणे. त्या दुपारनंतर निळ्याचं नाव कुणी काढलं नाही. कॅलेंडर काढून तिथे तीन साध्या चौकटी आल्या, दिवस, महिना, वर्ष. यात नवं काहीच नाही. ब्रिटन सरकारचं गव्ह डॉट यूके हे संकेतस्थळ जन्मतारीख अशाच तीन चौकटींत विचारतं. २०१२ मध्ये सुरू झालेल्या त्या जवळजवळ बिननक्षीच्या साइटला पुढच्याच वर्षी लंडनच्या डिझाइन म्युझियमनं वर्षातलं सर्वोत्तम डिझाइन ठरवलं. नुसता मजकूर, मोठे मथळे, काळी अक्षरं. निवड करणाऱ्यांचं मला कौतुक वाटलं.

तुम्ही अशा खोलीत शेवटचे कधी बसला होतात? बहुधा कधीच नाही, असा माझा अंदाज आहे. मग पुढच्या कामापासून बसा. त्याला प्रयोगशाळा लागत नाही, काचेच्या पलीकडून बघावं लागत नाही. साइट वापरायला किती सोपी आहे याचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी २००० सालीच मांडलं होतं की साइटमधल्या बहुतेक मोठ्या अडचणी पाच माणसांच्या चाचणीत दिसून येतात. त्या आकड्यावर तज्ज्ञांत वाद आहेत, ते बाजूला ठेवा. शून्य माणसांपेक्षा पाच कधीही बरी.

माणसं निवडताना घरचे आणि मित्र टाळा, ते तुमचं मन राखतात. ज्याला ते काम खरोखर करायचं असतं असा माणूस शोधा. त्याचा फोन त्याच्याच हातात असू द्या, पडद्याला तडा गेलेला असेल तर उत्तमच. 'डिझाइन आवडलं का?' हे चुकूनही विचारू नका, सगळे हो म्हणतात. काम द्या: 'उद्या सकाळची वेळ घेऊन दाखवा', 'ही वस्तू परत करायची आहे, काय कराल?' आणि मग गप्प बसा. हे गप्प बसणं या धंद्यातलं सगळ्यात अवघड कौशल्य आहे. समोरचा माणूस बरोबर बटणाच्या शेजारून बोट फिरवत असतो, तुमच्या पोटात गोळा येतो, 'अहो, ते काय तिथेच आहे' असं ओठांवर येतं. बोलू नका. साइट चालू झाल्यावर त्याच्या शेजारी तुम्ही नसणार.

आणि शक्य झालं तर क्लायंटला शेजारी बसवा. 'पॉप होऊ दे'चा बंदोबस्त मला तरी याशिवाय दुसरा सापडलेला नाही. क्लायंटला आपण चहाटळपणे फार नावं ठेवतो. पण 'लोगो मोठा करा' म्हणणाऱ्या माणसाच्या मनात बहुतेक वेळा एकच भीती असते, आपल्याकडे कुणाचं लक्षच जात नाहीये. ती भीती खोटी नसते. फक्त त्याच्याकडे ती सांगायला लोगोशिवाय दुसरा शब्द नसतो. वापरणाऱ्यापासून तोही तुमच्याइतकाच लांब असतो. एकदा त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की गिऱ्हाईक लोगो बघतच नाही, फोन नंबर शोधत खालपर्यंत जातं आणि तो न सापडल्यावर पान बंद करतं, की लोगोचा आकार हा विषय आपोआप मागे पडतो. तोवर 'हे बदला' असं आलं की इतकंच विचारा: 'कुणाला काय दिसत नाहीये असं तुम्हाला वाटतं?' याचं उत्तर आलं तर ते उपयोगाचं असतं. नाही आलं तर बदलाची मागणीच थंडावते.

आता एआय. ते पान वाईट नव्हतं हे तुम्ही कबूल केलंत, बरं केलंत. पण ते वाईट का नव्हतं? कारण वर मोठं चित्र, त्यावर एक ठसठशीत वाक्य, दोन बटणं, खाली तीन कार्डं, त्याखाली खूश गिऱ्हाइकांची वचनं, असलं होमपेज आपणच वर्षानुवर्षं एकमेकांचं बघून करत आलो. २०११ मध्ये बूटस्ट्रॅप हा पानाच्या तयार भागांचा संच आला, मग टेम्प्लेटांचा पूर आला आणि साइट्स इतक्या सारख्या दिसायला लागल्या की लोगो झाकला तर बँक कोणती आणि जिम कोणती ते कळू नये. यंत्र जे सगळ्यात जास्त वेळा बघतं ते सगळ्यात छान करतं. त्याच्यापुढे आपणच हा एवढा मोठा ढीग रचून ठेवला होता.

जिथे आपण ढीग रचला नाही, तिथे ते अजून अडखळतं. नाव चाळीस अक्षरांचं असेल तर काय होतं, शोधलं आणि काहीच सापडलं नाही तर पानावर काय दिसतं, कार्ड नाकारलं गेलं तर घाबरलेल्या माणसाला नेमकं काय सांगायचं, पैसे गेले की नाही गेले. किंवा आपल्या लिपीचंच घ्या. रोमन अक्षरांवर बेतलेलं ओळींमधलं अंतर तसंच ठेवून देवनागरी मजकूर टाकला की वेलांट्या आणि रफार वरून छाटले जातात, उकार खालच्या ओळीत घुसतात. मथळा ऐटदार दिसावा म्हणून अक्षरांत अंतर वाढवलं तर शिरोरेखाच तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. साइट बनवणाऱ्याच्या पडद्यावर सगळं इंग्रजीत असतं, त्यामुळे ते त्याच्या नजरेला पडत नाही. वाचणाऱ्याला मात्र ते पहिल्या ओळीलाच खुपतं.

यातलंही बरंचसं यंत्र उद्या शिकेल, याची मला खात्री आहे. त्यामुळे 'एआय कधीच माणसाची जागा घेणार नाही' छापाचा धीर मी देत नाही. निव्वळ होमपेज करून देण्याच्या कामाचे पैसे उतरत जाणार आणि ते पुन्हा चढायची चिन्हं नाहीत. त्या भावात यंत्राशी झुंजू नका. अर्ध्या पैशात उरलेलं दहा टक्के मागणाऱ्या तुमच्या क्लायंटला नाही म्हणायची गरज नाही, फक्त सौदा बदला. त्याला लिहा: 'पान चांगलं आहे, तेच ठेवू. आपल्या पाच गिऱ्हाइकांकडून ते माझ्यासमोर वापरून घेऊ आणि जिथे अडेल ते दुरुस्त करू. या कामाचे पैसे इतके.' इथे तुम्ही पान विकत नाही, पान चालेल याची जबाबदारी विकता. तो कदाचित नको म्हणेल. पुष्कळ जण म्हणतील. त्यांच्यामागे धावू नका. ज्यांचा धंदा त्या पानावरच चालतो ते थांबून विचार करतील, आणि तुम्हाला तसेच क्लायंट हवेत.

हत्यारांबद्दल फार लिहीत नाही. ती बदलतात, बदलत राहणार. सप्टेंबर २०२२ मध्ये अडोबी फिग्मा वीस अब्ज डॉलर्सना विकत घेणार अशी घोषणा झाली. तेव्हा अर्धी डिझायनर मंडळी नवं हत्यार शोधायला लागली होती. डिसेंबर २०२३ मध्ये सौदाच रद्द झाला. त्या पंधरा महिन्यांत ज्यांनी सीएसएस, म्हणजे पान कसं दिसावं ते ब्राउझरला सांगायची भाषा, नीट शिकून घेतली, ते शहाणे. सीएसएसची पहिली शिफारस १९९६ ची आहे आणि त्यातले रंगाचे, अक्षरांच्या आकाराचे नियम आजचा ब्राउझर विनातक्रार पाळतो. टीम जे वापरते ते हत्यार तुम्हीही वापरा, त्याच्याशी लग्न लावू नका. पण एचटीएमएल (पानाचा सांगाडा लिहायची भाषा) आणि सीएसएस स्वतःच्या हातानं लिहिता येत नसेल, तर ती खरी कमतरता आहे आणि ती भरून काढा.

एका विषयात मात्र मुद्दाम खोल उतरा: साइट सगळ्यांना वापरता येणं, म्हणजे ॲक्सेसिबिलिटी. आपल्याकडे डिझायनर हा विषय डेव्हलपरवर ढकलतात आणि डेव्हलपर 'डिझाइनमध्येच तसं होतं' म्हणून हात झटकतात. त्यामुळे तिथे काम करणारं माणूस हवंच असतं. डब्ल्यूसीएजी या नियमावलीची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. ती मुळातून वाचा, कंटाळवाणी आहे तरी वाचा. तिच्यात एक गंमत सापडेल. साध्या आकाराच्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला फरक किमान ४.५ ला १ हवा. आपला सगळ्यांचा लाडका ७७७७७७ या संकेतांकाचा करडा रंग पांढऱ्यावर ४.४८ भरतो, म्हणजे काठावर नापास. ७६७६७६ घेतला तर ४.५४, पास. दोन्ही शेजारी ठेवले तर तुम्हा-मला डोळ्यांनी फरक कळणार नाही. पण आपण करडा यापेक्षा कितीतरी फिका वापरतो, 'हलकं वाटतं' म्हणून. उन्हात उभं राहून तो मजकूर वाचायचा प्रयत्न करणाऱ्याला ते हलकं वाटत नाही. आज संध्याकाळी तुमची सगळ्यात अलीकडची साइट उघडा, माउस बाजूला ठेवा आणि फक्त टॅबची कळ दाबत मेनूपासून फॉर्मच्या शेवटच्या बटणापर्यंत जाऊन दाखवा. आपण कुठे आहोत ते पडद्यावर दिसतं का बघा. बहुतेक साइट्सवर मधेच वाट हरवते, कारण कुणीतरी निवडलेल्या बटणाभोवती उमटणारी ती निळी चौकट कुरूप दिसते म्हणून काढून टाकलेली असते.

पोर्टफोलिओचं काम उरलंच. जुनी पानं साठवून ठेवणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर तुमच्या जुन्या साइट्सचे पत्ते टाकून बघा. त्यातल्या बऱ्याचशा तिथे, थोड्या मोडक्यातोडक्या का होईना, सापडतील. पण तेवढ्यावर थांबू नका. जुन्या क्लायंटपैकी ज्यांच्याशी संबंध चांगले आहेत अशा दोघा-तिघांना फोन करा आणि साइट आल्यावर त्यांच्या कामात काय बदललं ते विचारा. फोनवर पत्ता विचारणारे कमी झाले का? चुकीच्या ऑर्डरी घटल्या का? कुणी ठाम सांगेल, कुणी 'काही फरक पडला नाही' म्हणेल. दोन्ही लिहून ठेवा. मग प्रत्येक कामापुढे चार ओळी: इथे कोण यायचं, त्यांचं कुठे अडायचं, मी काय बदललं, काय बदलायला नकार दिला. कामं कमी दाखवा, पण ही चार वाक्यं प्रत्येकापुढे हवीत. यंत्रानं केलेल्या शंभर देखण्या चित्रांच्या गर्दीत नव्या क्लायंटला हेच वाचावंसं वाटेल. आणि घरच्यांनी पुन्हा विचारलं की त्यातलंच एखादं वाचून दाखवा.

आता तुमचा मुख्य प्रश्न, सोडावं का. माझं मत विचारलंत तर आत्ता नको. तुम्ही ज्याला कंटाळलात त्यातलं बरंचसं वेब डिझाइन नाहीच. मंजुऱ्यांची रांग, फाइलींची नावं, दुसऱ्यांच्या आवडीनिवडी सांभाळणं, हे कुठल्याही धंद्यात मिळेल. कामाचा गाभा असलेला माणूस तुम्ही अजून नीट पाहिलेलाच नाही. एक क्लायंट निवडा, लहानसाच. त्याच्या कामात सुरुवातीला आणि शेवटी अशी दोनदा खऱ्या माणसांची चाचणी घाला. तेवढे तास आपल्या खिशातून गेले तरी चालतील. कुणाला तरी अडखळताना पाहून तुमचे हात ते दुरुस्त करायला शिवशिवले, तर तुम्ही योग्य धंद्यात आहात, फक्त चुकीच्या खोलीत बसला होतात. नुसता कंटाळा आला, घड्याळाकडे लक्ष गेलं, तर मात्र खुशाल सोडा. त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही. तुमच्याकडे जे आहे ते वाया जात नाही. चांगला मजकूर लिहिणं, वापरणाऱ्यांचा अभ्यास, ॲक्सेसिबिलिटीच्या तपासण्या, नव्या मुलांना शिकवणं, या सगळ्या वाटा इथूनच फुटतात, आणि त्यातल्या काहींना तर पडदा लागतही नाही.

सोडायचं ठरलंच तर रागाच्या भरात एका मेलवर सोडू नका. दर महिन्याला पैसे देणारी जी देखभालीची कामं आहेत ती पुढची सोय होईपर्यंत हातात ठेवा. आणि जायच्या आधी एक काम कटाक्षानं करा. तुम्ही केलेल्या कुठल्या साइटचं डोमेन, होस्टिंग किंवा फॉन्टचा परवाना तुमच्या स्वतःच्या नावावर, तुमच्या कार्डावर चालू राहिलाय का ते तपासा. आपल्या धंद्यात हे सर्रास होतं. ते त्या-त्या क्लायंटच्या नावावर करून द्या, पासवर्ड त्यांच्या हवाली करा, नूतनीकरणाची तारीख लेखी कळवा.